दून एंगसाची १:५०० प्रतिकृती : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी. विषय आणि प्रमाण

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे उपसागराच्या तोंडाशी अ‍ॅरन बेटे आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठ्या इनिश मोर या बेटाच्या दक्षिण कड्यावर दून एंगसा हा किल्ला आहे. चुनखडकाचा सुमारे ८७ मीटरांचा सरळ तुटलेला कडा, त्याच्या अगदी काठाला टेकलेले अर्धवर्तुळाकार दगडी तट आणि तटांबाहेर उभ्या टोकदार दगडांचा रुंद पट्टा अशी त्याची रचना आहे. समुद्राकडे तट नाही. त्या बाजूला कडाच आहे. हातात धरून सर्व बाजूंनी पाहता येईल अशी या किल्ल्याची प्रतिकृती करण्याचे काम आजपासून सुरू केले असून, कड्यावरच्या कोणत्याही किल्ल्याची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवीत आहे.

प्रमाण ठरविण्यातच पहिला वेळ गेला. १:१००० घेतले असते तर कडा जेमतेम ९ सेंटीमीटरचा झाला असता आणि बाहेरच्या पट्ट्यातील मीटर-दीड मीटर उंचीचे दगड वाळूच्या कणाएवढे उरले असते. १:२०० घेतले तर कडाच ४३ सेंटीमीटरांच्या वर जातो आणि बाहेरच्या तटासह सगळा परिसर कोणत्याही टेबलावर मावत नाही. १:५०० ला कडा १७.४ सेंटीमीटर, आतले सुमारे ५० मीटर व्यासाचे आवार १० सेंटीमीटर आणि टोकदार दगड दोन ते तीन मिलिमीटर असा हिशेब बसतो. बाहेरच्या तटाने वेढलेले क्षेत्र सुमारे ५.७ हेक्टर आहे, म्हणजे या प्रमाणात साधारण २,३०० चौरस सेंटीमीटर. कडा आणि भोवतालची थोडी जमीन धरून ८० बाय ६० सेंटीमीटरांचा तळ पुरेल. प्रमाण ठरविताना किल्ल्याच्या आकारापेक्षा त्यातील सर्वांत लहान महत्त्वाची वस्तू आधी मोजावी. येथे ती वस्तू म्हणजे पट्ट्यातला एक सुटा दगड.

१४ जानेवारी. नकाशे आणि उंची

जमिनीच्या चढउतारासाठी दोन साधने समोर ठेवली होती. एक म्हणजे आयर्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी नकाशा खात्याचे, जुने, एका मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे; दुसरे म्हणजे अलीकडच्या मापणीवर आधारलेल्या उंचीच्या रेषा. जुने नकाशे तटांचा मार्ग समजून घेण्यास उपयोगी आहेत, परंतु त्यांवरून अंतरे थेट उचलू नयेत. १:१०,५६० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर पाच मीटरांहून अधिक जागा व्यापते, आणि आतल्या तटाची जाडीच चार ते पाच मीटर आहे. कड्याच्या काठाची रेघ आणि तटाची रेघ एकमेकींवर चढलेली दिसली म्हणून तट त्या काळी काठावर होता, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

खरा घोळ उंचीत झाला. जुन्या नकाशावरील उंचीचे आकडे फुटांत आहेत म्हणून ते मीटरांत बदलून घेतले आणि नव्या रेषांशी जोडले, तर दोन्हींच्या सांध्यावर सर्वत्र एकसारखी पायरी उमटू लागली. रूपांतर दोनदा तपासले. तेथे काही चुकले नव्हते. अखेर कारण सापडले ते असे, की जुन्या आयरिश नकाशांवरील उंची डब्लिनजवळच्या पूलबेग दीपगृहापाशी ८ एप्रिल १८३७ रोजी नोंदविलेल्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली आहे, तर आजची उंची मॅलिन हेड येथील सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. दोन शून्यांमध्ये सुमारे २.७ मीटरांचे अंतर आहे. प्रतिकृतीत ते ५.४ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ आतल्या तटाच्या निम्म्या उंचीएवढे. जुने आकडे वापरायचे असतील तर आधी २.७ मीटर वजा करावेत आणि मगच रेषा जोडाव्यात. कापून ठेवलेले पुठ्ठ्याचे साचे यात वाया गेले.

तटांच्या मांडणीसाठी डिस्कव्हरी प्रोग्रॅम या संशोधन संस्थेच्या कामाचा आधार घेतला आहे. पश्चिमेकडील दगडी किल्ल्यांच्या तिच्या प्रकल्पात क्लेअर कॉटर यांनी १९९२ ते १९९५ या काळात येथे उत्खनन केले.

२१ जानेवारी. कोणत्या काळचा किल्ला?

हा प्रश्न पुठ्ठा कापण्याआधी सोडवावा लागतो, कारण पुढे तो सुटत नाही. शोकेसमधल्या बहुतेक प्रतिकृती आज दिसते ते तयार करतात आणि खाली "कांस्ययुगीन किल्ला" अशी पाटी लावतात. दून एंगसाच्या बाबतीत ती पाटी अर्धीच खरी ठरेल.

उत्खननातून असे दिसले, की या टेकडीवर सुमारे इ.स.पू. १५०० पासून वस्ती होती, पहिले तट आणि घरे सुमारे इ.स.पू. ११०० च्या सुमारास उभी राहिली आणि इ.स.पू. ८०० च्या आसपास ही जागा भरभराटीत होती. त्यानंतर बऱ्याच शतकांनी, इसवी सनाच्या ७०० ते ८०० च्या सुमारास, तटबंदी पुन्हा मजबूत करण्यात आली. त्यावर तिसरा हात एकोणिसाव्या शतकाचा आहे: १८८० च्या दशकात सरकारी बांधकाम खात्याने आतला तट दुरुस्त केला, कोसळलेले भाग पुन्हा चढविले आणि बाहेरून दगडी धिरे दिले. मूळ बांधकाम चुना-मातीविना कोरड्या रचाईचे आहे आणि दुरुस्तीत चुन्याचा वापर झाला आहे, त्यामुळे दोन्हींतील फरक जवळून पाहणाऱ्याला ओळखू येतो. आज सहा मीटर उंचीचा जो भारदस्त तट प्रत्येक छायाचित्रात दिसतो, त्याची ती पूर्ण उंची या दुरुस्तीतून आलेली आहे.

त्याआधीचे चित्र वेगळे होते. १८५७ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानप्रसारक संस्थेच्या मंडळींची सहल विल्यम वाइल्ड (ऑस्कर वाइल्डचे वडील) यांच्या पुढाकाराने बेटावर आली आणि किल्ल्याच्या आतच त्यांचे जेवण झाले. त्या पाहुण्यांनी पाहिलेला तट आजच्यापेक्षा अधिक ढासळलेला होता. प्रतिकृतीत आजचा तट कांस्ययुगाच्या नावावर खपविला, तर व्हिक्टोरियन काळातील गवंड्याच्या कामाचे श्रेय तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना दिल्यासारखे होईल.

ठरविले ते असे: मुख्य प्रतिकृती आजच्या अवस्थेची असेल, परंतु दुरुस्तीचे भाग रंगाने किंचित वेगळे ठेवले जातील. आतले आवार सुटे काढता येईल आणि त्या जागी उत्खननातून कळलेल्या कांस्ययुगीन अवस्थेचा दुसरा तुकडा बसविता येईल. इसवी सनाच्या आठव्या शतकाचा तिसरा तुकडा करण्याचा मोह होता, पण त्या अवस्थेतील आतल्या घरांची मांडणी दाखविण्याइतकी खात्री नसल्याने तो विचार सोडला.

३ फेब्रुवारी. थर आणि डिंक

दाट फोमच्या १० मिलिमीटर जाडीच्या शीटचा एक थर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर, असे धरून कड्याची पूर्ण उंची थरांनी रचण्यास सुरुवात केली. सात थर चढल्यावर काम थांबले. लाकूडकामाचा पांढरा डिंक दोन शीटच्या मध्ये हवेअभावी सुकतच नाही. कडेला तो कडक झाला होता आणि मध्यभागी आठवडाभरानंतरही ओला होता. त्यामुळे कापताना थर एकमेकांवरून सरकत होते आणि कड्याची सरळ रेघ वाकडी होत होती.

घाई म्हणून फवारणीचा तीव्र वासाचा डिंक एका टाकाऊ तुकड्यावर वापरून पाहिला. त्याने फोम विरघळवला आणि मध्ये खळगा पाडला. हा प्रयोग टाकाऊ तुकड्यावर केला म्हणून मोठे नुकसान टळले. पॉलिस्टायरीन फोमसाठी द्रावकयुक्त डिंक आणि द्रावकयुक्त फवारारंग दोन्ही वर्ज्य आहेत.

उपाय दोन केले. पहिला, खालचा भाग भरीव ठेवण्याऐवजी पातळ प्लायच्या आडव्या-उभ्या फासळ्यांवर पोकळ केला आणि फक्त वरच्या सुमारे ३० मीटरांसाठी फोमचे थर ठेवले; कड्याचा दर्शनी भाग नंतर स्वतंत्र फळी म्हणून पुढून लावता येतो. दुसरा, प्रत्येक शीटला खालून तिरकी छिद्रे पाडली आणि डिंक पूर्ण पसरविण्याऐवजी पट्ट्यांत लावला, त्यामुळे हवा खेळती राहिली. वजनही निम्म्यावर आले. मात्र सगळे वजन कड्याच्या बाजूला गोळा झाल्यामुळे प्रतिकृती पुढे झुकू लागली, म्हणून मागच्या बाजूला तळाखाली वाळूची पिशवी बांधावी लागली.

११ फेब्रुवारी. पायऱ्या घासाव्यात की ठेवाव्यात?

थरांच्या प्रतिकृतीत पायऱ्या दिसतात आणि सर्वसाधारण रीत अशी, की त्यांवर प्लास्टर फासून उतार गुळगुळीत करायचा. तसेच केले आणि वाळल्यावर पाहिले, तर अ‍ॅरनच्या जागी एक मऊ गोलसर टेकाड तयार झाले होते. ते कोठलेही असू शकले असते.

इनिश मोरची जमीन मुळातच पायऱ्यांची आहे. चुनखडकाचे जाड आडवे थर आणि त्यांच्यामध्ये मातीचे पातळ, मऊ पट्टे असल्यामुळे मऊ पट्टा झिजतो आणि वरचा दगड सरळ तुटतो. म्हणून संपूर्ण बेट टप्प्याटप्प्यांनी चढत जाते. याच टप्प्यांचा उपयोग किल्ला बांधणाऱ्यांनी केला असणार, कारण तटासाठी लागणारे चपटे दगड टप्प्याच्या कडेवर आधीच सुटलेले मिळतात.

परंतु फोमच्या पायऱ्या जशाच्या तशा ठेवणेही बरोबर नव्हते. त्या दर पाच मीटरांनी येतात आणि खडकाच्या पायऱ्या असे अंतर पाळत नाहीत. प्लास्टर खरवडून काढले, छायाचित्रांत स्पष्ट दिसणाऱ्या टप्प्यांच्या कडा नकाशावर आखून घेतल्या, तेवढ्याच कडा तीक्ष्ण ठेवल्या आणि उरलेल्या फोमच्या पायऱ्या घासून मिटविल्या. खरवडण्याला लावण्याच्या कितीतरी पट वेळ गेला. प्लास्टरऐवजी सुरुवातीलाच पातळ पुट्टी घेतली असती, तर ती फोमवरून सोलून निघाली असती.

२५ फेब्रुवारी. कडा

कड्याचा दर्शनी भाग वेगळ्या फोमच्या फळीतून कोरला. उभ्या भेगांची दिशा आणि आडव्या थरांची जाडी या दोन गोष्टी साधल्या की चुनखडकाचा कडा ओळखू येतो. बाकी रंगाचे काम. आडवे थर पट्टी धरून सारख्या अंतरावर कोरले तेव्हा विटांची भिंत दिसू लागली. मग जाडी मुद्दाम कमी-जास्त केली, मातीच्या पट्ट्यांच्या जागी कटर तिरका धरून खोल खाच पाडली आणि त्या खाचेच्या वरचा थर किंचित पुढे झुकता ठेवला.

हा झुकता भाग शोभेसाठी नाही. कडा मागे कसा सरकतो याचे कारण त्यातच आहे. तळाशी लाटा आणि मध्ये मातीचे पट्टे आधार काढून घेतात, वरचा ठोकळा उभ्या भेगेतून सुटतो आणि एकदम कोसळतो. म्हणून अशा कड्याला "दरवर्षी इतके सेंटीमीटर" असा दर लावण्यात फारसा अर्थ नसतो. दीर्घकाळ काहीच पडत नाही आणि मग एका रात्रीत काही मीटर जातात. समुद्र म्हणून तळाशी चार सेंटीमीटरांची पट्टी पुरेशी झाली.

९ मार्च. तट

आतला तट एकाच जाडीचा ठोकळा म्हणून केला, तर तो चुकीचा ठरतो. त्याची चार ते पाच मीटरांची जाडी एकमेकांना टेकून उभ्या केलेल्या तीन स्वतंत्र भिंतींची मिळून झालेली आहे, प्रत्येक भिंतीला स्वतःचा दर्शनी चेहरा आहे. आतल्या बाजूने या भिंती पायरीपायरीने उतरत येतात, त्यामुळे तटावर फांजी, म्हणजे चालण्याची वाट, तयार होते आणि चढण्यासाठी दगडी जिने आहेत. आतली भिंत आधी बांधून मग बाहेरून जाडी वाढवीत नेली, किंवा ढासळू नये म्हणून अशी अंगे एकमेकांना दिली, याचा अर्थ कसाही लावला तरी प्रतिकृतीत तीन भिंती वेगळ्या दिसायला हव्यात.

तीन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या वाफेवर ओलसर करून वळविल्या, दोरीने बांधून रात्रभर ठेवल्या आणि मग वेगवेगळ्या उंचीला कापल्या. कोरडा पुठ्ठा वळवताना आतून चिरतो आणि सुरकुत्या पडतात. वाफ आवश्यकच आहे. त्यावर डिंक लावून चाळलेली वाळू चिकटविली. ३० सेंटीमीटरांचा दगड या प्रमाणात ०.६ मिलिमीटर होतो, म्हणून जाड चाळणीतून गाळून बारीक चाळणीवर उरलेली वाळूच घेतली. बारीक वाळूने भिंत सिमेंटची दिसते आणि जाड वाळूने ती ढिगाऱ्यासारखी दिसते.

ईशान्येकडच्या प्रवेशाचे काम सर्वांत नाजूक निघाले. प्रत्यक्षात माणूस जेमतेम सरळ जाईल एवढे ते दार आहे आणि त्यावर आडव्या शिळांची दगडी तुळई आहे. प्रतिकृतीत ते दोन मिलिमीटरांचे भोक झाले. भिंत उभी झाल्यावर ते पाडण्याचा प्रयत्न केला तेव्हा वाळूचा थर पापुद्र्यासारखा सुटला. पट्ट्या सपाट असतानाच भोक पाडून, त्यात काडी घालून, मग वळविणे हा योग्य क्रम.

१६ मार्च. तट काठाला भेटतो तेथे

या नोंदीसाठीच खरे तर हा उद्योग चालू आहे.

कागदावर तटाची रेघ कड्याच्या रेघेपर्यंत येते आणि थांबते. प्रतिकृतीत ती थांबविता येत नाही. तिला टोक द्यावे लागते. ते टोक गोल, व्यवस्थित बांधलेले केले, तर पाहणाऱ्याला असे वाटते की बांधणाऱ्यांनी तट येथवरच आणला आणि कड्यालाच चौथी बाजू मानले. ते तुटलेले केले, तर असे वाटते की तट पूर्वी लंबवर्तुळाकार होता आणि त्याचा अर्धा भाग समुद्रात गेला. अभ्यासकांत दोन्ही मते आहेत. इंग्रजी डी अक्षरासारखा आजचा आराखडा दोन्हींना सारखाच जुळतो. लेखात "कदाचित" हा शब्द घालून पुढे जाता येते. पुठ्ठ्यात "कदाचित" कापता येत नाही.

दुसरे कड्यावरचे किल्ले येथे थोडी मदत करतात. केरी परगण्यातील डिंगल द्वीपकल्पावर डनबेग नावाचा किल्ला आहे. चार मातीचे बांध, त्यांच्यामधले खंदक आणि आत दगडी तट अशी त्याची रचना आहे. पुरातत्त्वज्ञ टेरी बॅरी यांनी १९७७ मध्ये त्याचे उत्खनन केले. तेथील कड्याची झीज चर्चेची बाब राहिलेली नाही: जानेवारी २०१४ च्या वादळात प्रवेशद्वाराजवळचा भाग खाली गेला आणि त्यानंतरही पडझड चालू राहिली. म्हणजे मानवी बांधकाम काठावरून जाते, हे डोळ्यांदेखत सिद्ध आहे. परंतु डनबेगचा कडा दून एंगसापेक्षा बराच खुजा आणि वेगळ्या घडणीचा असल्याने तेथील पडझडीचा वेग इकडे लावता येणार नाही. इनिश मोरवरच दून दूकाहिर, म्हणजे काळा किल्ला, समुद्रात घुसलेल्या सुळक्यावर आहे आणि त्याचा तट सुळक्याच्या मानेवर आडवा टाकलेला आहे. तेथे कड्याला बाजू मानणे हाच मूळ हेतू होता, हे आराखडाच सांगतो. दून एंगसा सुळक्यावर नाही, सरळ काठावर आहे, आणि अडचण तेथेच आहे.

एक सूचना अशी आली होती, की गेलेला संभाव्य भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीने कड्याबाहेर अधांतरी दाखवावा. करून पाहिले. दिसायला फार आकर्षक होते आणि म्हणूनच काढून टाकले: पाहणारा प्रत्येक जण प्रथम तिकडेच बोट दाखवीत होता आणि खात्री नसलेली गोष्टच प्रतिकृतीचा मुख्य विषय होऊन बसली होती.

शेवटी तटाचे टोक बांधीवही केले नाही आणि ढासळलेलेही नाही. काठावर तट करवतीने सरळ कापला, कापाचा पृष्ठभाग वाळू न लावता सपाट करड्या रंगाचा ठेवला आणि तळाच्या पट्टीवर "येथे माहिती संपते" एवढेच लिहिले. नकाशाकार जेथे रेघ तुटक करतो, तेथे प्रतिकृतीत सपाट काप द्यावा, असा नियम पुढच्या सर्व अनिश्चित जागांना लावणार आहे. आतल्या आवारात काठालगत असलेला खडकाचा चौकोनी, टेबलासारखा ओटा मात्र पूर्ण केला. तो प्रत्यक्ष जागेवर आहे आणि त्याच्याबद्दल वाद असला तर वापराचा आहे, आकाराचा नाही.

३० मार्च. टोकदार दगडांचा पट्टा : पहिली फेरी

मधल्या तटाच्या बाहेर, चढून येणाऱ्याच्या वाटेवर, उभे टोकदार दगड दाट रोवलेले आहेत. काही दीड मीटरहून उंच आहेत. घोड्यावरून किंवा धावत येणाऱ्याचा वेग मोडणे हा त्यांचा उघड उपयोग. असा पट्टा सर्वत्र आढळत नाही: आयर्लंडमध्ये याच बेटावरील दून दूकाहिर आणि क्लेअर परगण्यातील बॅलिकिनवार्गा, शिवाय स्कॉटलंड, वेल्स आणि स्पेन-पोर्तुगालमधील काही किल्ले अशी मोजकीच ठिकाणे आहेत.

पहिली फेरी पुठ्ठ्याच्या त्रिकोणी तुकड्यांनी केली. सगळे सारखे, सगळे उभे, सगळे एका अंतरावर. दोन-तीन चौरस इंचांतच ते एखाद्या ब्रशच्या केसांसारखे दिसू लागले. नंतर अंड्याचे कवच फोडून पाहिले. कडा छान तीक्ष्ण मिळतात, पण प्रत्येक तुकड्याला बाक असतो आणि चुनखडकाच्या चपट्या दगडाला तो नसतो. शाळेतल्या दगडी पाटीचा जुना तुकडा हातोडीने फोडल्यावर मिळालेल्या कपच्या मात्र जशा हव्या तशा निघाल्या: चपट्या, वेड्यावाकड्या, एका बाजूला निमुळत्या. फोडताना डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर फडके हवेच. पाटीची धूळ फुप्फुसाला वाईट.

६ एप्रिल. पट्टा : दुसरी फेरी

कपच्या डिंकाच्या थरात नुसत्या टोचल्या की आडव्या होत. डिंक घट्ट करून पाहिला, तर त्या उभ्या राहत, पण बुडाशी डिंकाची चकाकणारी गोळी दिसे. चिमट्याने धरून बसायचे आणि वाट पाहायची, असे केले तर हे काम वर्षभर चालले असते.

तोडगा किल्ला बांधणाऱ्यांकडूनच घ्यावा लागला. त्या खडकाच्या पृष्ठभागावर साधारण उत्तर-दक्षिण जाणाऱ्या लांब नैसर्गिक भेगा आहेत आणि पट्ट्यातील अनेक दगड या भेगांत पाचरीसारखे बसविलेले आहेत. खडकात खड्डा खणण्याची त्यामुळे गरज पडत नाही. फोमच्या पृष्ठभागावर कटरने त्याच दिशेने, कमी-जास्त अंतरावर भेगा चिरल्या, चिरेत डिंकाचा एक थेंब सोडला आणि कपची तिरकी खुपसली. फोम स्वतःच तिला आवळून धरतो. हात सुटा झाला आणि कामाचा वेग कितीतरी वाढला.

याहून मोलाचे म्हणजे पट्ट्याचे रूप एकदम खरे दिसू लागले. दगड आता रांगेत नव्हते, तरी पूर्ण विस्कळीतही नव्हते. भेगांच्या दिशेने त्यांचे अस्पष्ट झुबके झाले होते आणि मधून सरळ वाट कोठेच मिळत नव्हती. भेगांच्या दिशेने चालणाऱ्याला समोर दगडांच्या धारा येतात, आडवे चालणाऱ्याला त्यांच्या पाती. कपच्या जेथे फार दाट बसविल्या होत्या तेथील काही काढल्या, कारण अडथळ्याला उंचीपेक्षा अनियमितपणा अधिक उपयोगी पडतो आणि पाय ठेवायला जागा आहे असे वाटून ती न मिळणे अधिक त्रासदायक असते. पर्यटकांची आजची वाट पट्ट्यातून जाते. ती रंगाने फिकी दाखविली आहे. मधल्या आणि बाहेरच्या तटांच्या दरम्यान पश्चिमेकडे उरलेला चौथ्या तटाचा तुकडाही या फेरीत बसविला. त्याच्या दोन्ही टोकांना सपाट काप दिला.

२० एप्रिल. रंग

पाण्यात मिसळणारा रंगच वापरला. सगळीकडे एक करडा रंग देऊन मग पातळ काळसर पाणी फिरविले की भेगा उठून दिसतात. दुरुस्तीच्या भागांना आणि धिऱ्यांना त्याच करड्यात चिमूटभर पिवळसर छटा दिली. ती पहिल्यांदा इतकी सौम्य झाली की विजेच्या दिव्याखाली दिसेनाशी झाली, पुन्हा दिली. गवत फक्त टप्प्यांच्या खोलगट भागात, कारण या बेटावर उघडा खडकच अधिक आहे.

४ मे. सुटा तुकडा

कांस्ययुगीन अवस्थेचा तुकडा तयार झाला. त्यात ढिगाऱ्याच्या रचाईचा बुटका तट आणि दगडी पायाच्या गोल घरांचे अवशेष आहेत. छपरे केली नाहीत. पाया मिळाला म्हणून छप्पर कसे होते ते मिळाले, असे होत नाही. उत्खनन आवाराच्या काही भागातच झाले, म्हणून न खणलेला भाग पूर्ण सपाट आणि कोऱ्या फिक्या रंगात ठेवला आहे. पाहणाऱ्यांना तो "राहून गेलेला" भाग वाटतो आणि ते तसे विचारतातही. विचारणे चांगले. खणलेल्या भागात काय सापडले तेही मग त्यांना सांगता येते: तलवारी, भाल्याची पाती आणि इतर वस्तू ओतण्याच्या मातीच्या साच्यांचे तुकडे, मुशी, एकत्र ठेवलेली चार कांस्य वलये आणि खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे भरपूर थर. या उघड्या कड्यावर कोणी केवळ संकटात लपायला येत नव्हते. येथे धातू वितळवला जात होता, म्हणजे तांबे-कथील मिळवू शकणारा आणि कारागीर पोसू शकणारा कोणी तरी येथे होता.

तुकडा खाचेत घट्ट बसत होता आणि काढताना मुख्य प्रतिकृतीचा काठ उचलला जाई. खाचेच्या कडा आतून किंचित तिरक्या घासल्या आणि खालून बोटाने ढकलण्यासाठी तळाला भोक पाडले.

१८ मे. शिल्लक कामे

पश्चिमेकडच्या पट्ट्यातील कपच्या अजून बसवायच्या आहेत, दगडी पाटी संपली. बाहेरच्या तटाचा बराच भाग आज ढासळून बुटका झालेला आहे, त्याची उंची छायाचित्रांवरून ठरविणे चालू आहे आणि जेथे ठरत नाही तेथे दगडांचा नुसता पसरट पट्टा ठेवणार आहे. तळाच्या पाटीवर किल्ल्याच्या नावाखाली मापणीचे वर्ष घालणे आवश्यक आहे, कारण डनबेगसारख्या जागेची प्रतिकृती २०१४ च्या वादळापूर्वी झाली असती, तर आज ती वेगळ्याच किल्ल्याची वाटली असती. नेण्यासाठी पेटी करताना कड्याच्या बाजूला फोमची उशी लावू नये, वरचे झुकते थर तिला अडकून तुटतात. प्रतिकृती मागच्या बाजूने पट्ट्याने बांधून समोर मोकळी जागा सोडावी.